उरलेल्या विणीची खेळणी : एक अभ्यासपाठ

शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की, त्याच्या अर्थाकडे आपण सहसा पाहत नाही. इतिहासाच्या शिक्षकाला मात्र शब्द उलटून पाहण्याची सवय असते. ‘टाकाऊ’ हे वस्तूचे वर्णन नसून तिच्यावर दिलेला निकाल आहे. कोणीतरी ठरवले की हे टाकायचे, म्हणून ते टाकाऊ झाले. ‘उरलेले’ हा शब्द केवळ वस्तुस्थिती सांगतो. काम झाले, त्यातून काही शिल्लक राहिले. पुढे त्याचे काय करायचे ते अजून ठरायचे आहे आणि ते आपण ठरवायचे आहे. हा भेद लक्षात ठेवून, लोकरीच्या विणकामातून उरलेल्या तुकड्यांपासून मऊ खेळणी कशी घडवावीत, त्यामागील तत्त्व कोणते आणि इतिहास कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी हा पाठ घरी करून पाहावा, अशी अपेक्षा आहे.

विणलेले तुकडे घरात येतात कोठून?

महाराष्ट्रात लोकरीचे कपडे वर्षभर वापरले जात नाहीत. तरीही बहुतेक घरांत विणलेले काही ना काही सापडतेच. त्याचे एक कारण म्हणजे बाळंतविडा. बाळाच्या आगमनानिमित्त कुंची, दुपटे, टोपडे, झबले यांच्यासोबत लोकरीचा चिमुकला स्वेटर आणि पायमोजे देण्याची रीत आपल्याकडे अनेक समाजांत आहे. आजी, मावशी, शेजारीण यांपैकी कोणीतरी ते हाताने विणलेले असतात. बाळ सहा-आठ महिन्यांत त्या कपड्यांतून बाहेर येते. कपडा झिजलेला नसतो, फक्त अपुरा पडलेला असतो. टाकवत नाही आणि वापरताही येत नाही, म्हणून तो पेटीच्या तळाशी जातो.

याशिवाय विण शिकताना केलेले नमुन्याचे चौकोन, एक बाही पूर्ण होऊन दुसरी अर्धवट राहिलेला स्वेटर, कोपरावर विरलेला शाळेचा स्वेटर, जोडीदार हरवलेला एकटा मोजा आणि लोकरीच्या गुंड्यांची हात-दोन हात लांबीची शेपटे, असा माल घरोघरी साठलेला असतो. सुती साडी किंवा धोतर जुने झाले तर त्याची गोधडी किंवा वाकळ होते. आपल्या आयाबायांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. गोधडीला एकावर एक सपाट बसणारे आणि धावदोऱ्याखाली जागा न सोडणारे कापड लागते. विणलेला स्वेटर ताणला की लांबतो, सोडला की आखडतो आणि कापला की कडेने उसवतो. त्यामुळे गोधडीत तो नीट नांदत नाही. गोधडीने ज्याला सामावून घेतले नाही त्या कापडासाठी वेगळी कृती शोधावी लागते. मऊ खेळणे ही अशीच एक कृती आहे, कारण गोधडीत जो दोष ठरतो तोच ताणण्याचा गुण खेळण्यात उपयोगी पडतो.

‘विणणे’ : एक क्रियापद, दोन रचना

मराठीत माग चालवणाराही ‘विणतो’ आणि दोन सुयांवर स्वेटर घालणारीही ‘विणते’. शब्द एक असला तरी रचना अगदी भिन्न आहेत. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन प्रकारचे धागे एकमेकांच्या वरून-खालून जातात. धागे सरळ असल्यामुळे कापड फारसे ताणले जात नाही. सुयांवरच्या विणीत बहुधा एकच अखंड धागा असतो. त्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढून घेतला जातो, त्यातून तिसरा, अशी ही साखळी वाढत जाते. या फासाला आपल्या बायका ‘टाका’ म्हणतात, काही भागांत ‘घर’ही म्हणतात.

या रचनेतून चार गोष्टी निष्पन्न होतात आणि खेळणी करणाऱ्याला त्या चारही ठाऊक असाव्या लागतात.

पहिली गोष्ट अशी की, विणलेला तुकडा उंचीपेक्षा रुंदीत अधिक ताणला जातो. म्हणून खेळण्याच्या पोटाभोवती विणीची रुंदी यावी आणि डोक्यापासून पायापर्यंत विणीची उंची यावी. असे केल्यास भरण घातल्यावर पोट गोल फुगते आणि बाहुले लांबोडके होत नाही.

दुसरी गोष्ट उसवण्याची. जेथे टाके बंद केले, म्हणजे जेथे विणकाम संपले, त्या टोकाकडून वीण सहज उसवते. जेथे टाके घातले, म्हणजे जेथे आरंभ झाला, त्या टोकाकडून ती तितक्या सहज उसवत नाही. मधोमध कात्री चालवली तर मोकळे झालेले फास एकामागून एक सुटत जातात.

तिसरी गोष्ट कडांची. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणीचा तुकडा कडेने गुंडाळतो. प्रत्येक ओळ सुलट विणलेला तुकडा सपाट राहतो. नवशिक्यांचे नमुने बहुधा दुसऱ्या प्रकारचे असतात, म्हणून शिवायला तेच सोपे जातात.

चौथी गोष्ट अशी की, विणीत फटी असतात आणि तुकडा ताणला की त्या रुंदावतात. सैल विणीच्या खेळण्यातून आतले भरण डोकावू लागते. अशा वेळी आत पातळ सुती कापडाचे अस्तर द्यावे. जुन्या साडीचा तुकडा त्यासाठी उत्तम.

एका मोज्याचा इतिहास

विणलेल्या वस्तूचे खेळणे झाले, याचे जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथे त्याला ‘सॉक मंकी’, म्हणजे मोज्याचे माकड म्हणतात. खेळणे साधे आहे, पण त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे.

विणकामाचे यंत्र हे युरोपातील यंत्रयुगाच्या फार आधीचे. इंग्लंडमधील विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचा साचा तयार केला. फास ओढण्याचे हाताचे काम त्यामुळे प्रथमच यंत्राकडे गेले. पुढे तीनशे वर्षांत या यंत्रात अनेक सुधारणा झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड या शहरात स्वीडनहून आलेल्या जॉन नेल्सन यांनी मोजे विणण्याचे सुधारित यंत्र बनवले आणि तेथे नेल्सन निटिंग कंपनी उभी राहिली. शेतावर आणि कारखान्यात राबणाऱ्या माणसांसाठी जाड, टिकाऊ, करड्या-तपकिरी रंगाचे मोजे हा तिचा मुख्य माल. हे मोजे इतके खपले की गावाच्या नावावरून त्या जातीच्या मोज्यांनाच ‘रॉकफर्ड’ म्हणू लागले आणि इतर कारखानेही तसेच मोजे काढू लागले. आपला माल वेगळा ओळखता यावा म्हणून कंपनीने १९३२ मध्ये मोज्याची टाच लाल रंगात विणायला सुरुवात केली.

तो काळ महामंदीचा होता. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळल्यानंतर कोट्यवधी लोकांचे रोजगार गेले होते. घरात मुले होती, पण खेळणी विकत घ्यायला पैसा नव्हता. कामकरी माणसाचे झिजलेले मोजे मात्र प्रत्येक घरात होते. कोणा गृहिणीने ते मोजे कापले, शिवले, त्यात चिंध्या भरल्या आणि लाल टाच चेहऱ्यावर अशा रीतीने लावली की माकडाचे लाल ओठ तयार झाले. नकली मालापासून बचावासाठी कारखान्याने काढलेली खूण गरिबाघरच्या मुलाच्या खेळण्याचे तोंड झाली.

१९५०च्या दशकात या माकडाच्या रचनेवर पेटंट घेतले गेले आणि त्यातून वाद निर्माण झाला. हे खेळणे घरोघरी आधीपासून बनत आले आहे, याचे पुरावे कंपनीने गोळा केले आणि १९५५ मध्ये पेटंट कंपनीकडे आले. त्यानंतर मोज्यांच्या जोडीसोबत माकड बनवण्याचे कृतिपत्रक देण्यात येऊ लागले. रॉकफर्डमधील मिडवे व्हिलेज संग्रहालयात आज ही माकडे ऐतिहासिक वस्तू म्हणून जपलेली आहेत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. एक म्हणजे वस्तू स्वतःच पुरावा असते. जुन्या माकडाच्या तोंडाला रॉकफर्डची मूळची लाल टाच असेल, तर ते १९३२ च्या आधीचे असू शकत नाही. त्यासाठी कोणताही कागद लागत नाही. नाण्यावरून स्तराचा काळ ठरवणारा उत्खननकार हीच रीत वापरतो. दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. कारखानदाराचे नाव आपल्याला माहीत आहे, टाच लाल झाल्याचे वर्ष माहीत आहे, पेटंटचे वर्षही माहीत आहे. ज्या हातांनी लाल टाचेत प्रथम ओठ पाहिले, त्या हातांचे नाव मात्र कोणत्याही दप्तरात नाही. ज्याच्याकडे दप्तर असते त्याचा इतिहास उरतो. ज्याच्याकडे केवळ सुई असते, त्याची वस्तू उरते आणि नाव पुसले जाते. आपल्या समाजाला हे सांगण्याची गरज नाही.

चिंधी आणि स्वाभिमान

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. ‘आमच्या मुलांनी चिंध्यांची खेळणी का करायची? नवी का घ्यायची नाहीत?’ असा प्रश्न पालक विचारतात. हा प्रश्न हलक्यात घेण्यासारखा नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे, असा दंडक सांगितला आहे. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले नेसावे, दुसऱ्याच्या ताटातले उरलेले खावे, ही पूर्वजांवर लादलेली सक्ती होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण केले, तेव्हा पोशाखाचा आणि दागिन्यांचा विषय मुद्दाम घेतला. जात दाखवून देणारी वेशभूषा सोडा, अंगावरचे कपडे स्वच्छ ठेवा, हे त्यांनी सांगितले. कपडा केवळ अंग झाकण्यापुरता नसतो, माणसाला समाजात कोठे उभे केले आहे हे तो सांगतो, याची त्यांना पुरेपूर जाणीव होती. म्हणून ज्या आईने काबाडकष्ट करून मुलाला नवा गणवेश घेतला, तिला ‘जुन्याचे काहीतरी कर’ हा सल्ला टोचला तर नवल नाही.

पण याच परंपरेत दुसरेही एक उदाहरण आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात राजा उदेन आणि स्थविर आनंद यांचा संवाद येतो. राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदांना पाचशे चीवरे दान केली. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण काय करणार, असा संशय राजाला आला आणि त्याने विचारले. आनंदांनी उत्तर दिले की, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. खोळी जुन्या झाल्या की जमिनीवरची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, त्यांची धूळ झटकण्याची फडकी. आणि फडकीही विरली की ती कुटून मातीच्या चिखलात मिसळून त्याने जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

या दोन उदाहरणांत कापड जुनेच आहे. एका ठिकाणी ते वरून फेकलेले आहे आणि घेणाऱ्याला नाकारण्याचा अधिकार नाही. दुसऱ्या ठिकाणी ते संघाच्या मालकीचे आहे, प्रत्येक टप्प्यावर त्याचे काय करायचे हे संघ ठरवतो आणि त्याचा हिशेब राजालाही ताठ मानेने देतो. म्हणून शाळेत हा पाठ घेताना आम्ही काही पथ्ये पाळतो. तुकडा घरचा किंवा शाळेचा असावा. कोणाच्या दारात मागून आणलेला नसावा. तो आधी स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून घ्यावा. खेळणे आपल्याच लहान भावंडासाठी किंवा सोबत्यासाठी करावे. आणि शिवण अशी असावी की दुकानातल्या खेळण्याशेजारी ठेवले तरी मान खाली घालावी लागू नये. जुन्या वस्तूची शिवण ढिसाळ असली तर चालते, ही समजूतच आपण मोडली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. हे काम मुलींचे, असे मानण्याला इतिहासात आधार नाही. मध्ययुगानंतरच्या युरोपात विणकऱ्यांचे संघ पुरुषांचे होते आणि त्यांत प्रवेशासाठी अनेक वर्षांची उमेदवारी करावी लागे. वसतिगृहातल्या मुलाला स्वतःचे बटण लावता आले पाहिजे, तसेच सशाचे कानही शिवता आले पाहिजेत.

साहित्याची पारख

काम सुरू करण्यापूर्वी तुकडा कशाचा आहे हे ओळखावे. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा मेंढीच्या लोकरीचा नसतो, ॲक्रिलिकचा असतो. ओळखण्यासाठी तुकड्यातून बोटभर धागा काढावा, चिमट्यात धरावा आणि शिक्षकाने किंवा पालकाने, पाण्याचे भांडे जवळ ठेवून, त्याचे टोक पेटवावे. खरी लोकर मंद जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळते आणि गार झाल्यावर टणक मणी उरतो. सुती धागा कागदासारखा जळतो. ही परीक्षा मुलांनी एकट्याने करू नये.

ही पारख कशासाठी? खऱ्या लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे यांमुळे ते एकमेकांत अडकतात. तुकडा आखडतो, दाट होतो आणि नंतर कोठेही कापला तरी सहसा उसवत नाही. जुन्या पिढीतील वाचकांना बुरणूस आठवत असेल. तो लोकर दाबून, जमवून याच तत्त्वावर केलेला असे. ॲक्रिलिक आणि सुती तुकडे असे जमत नाहीत. ते कापायचे असतील तर कापण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधी मशीनची दुहेरी शिवण किंवा हाताची बारीक उलटटीप घालावी आणि मगच मधून कात्री चालवावी.

भरणासाठी लोकरीची शेपटे, विणीचे निरुपयोगी कातरण आणि सुती चिंध्या बारीक कापून एकत्र कराव्यात. मोठ्या चिंध्यांमुळे खेळण्यात गाठी होतात. नुसता कापूस धुतल्यावर गोळा होऊन बसतो. भरण कोपऱ्यांपासून सुरू करून मध्याकडे यावे, त्यासाठी पेन्सिलचे बोथट टोक पुरते.

पहिला पाठ : चौकोनाचा ससा

नवशिक्यासाठी सर्वांत सोपे खेळणे म्हणजे ससा. यात एकही टाका कापावा लागत नाही. सुमारे १५ सेंटिमीटर बाजूचा, सर्व ओळी सुलट विणलेला चौकोन घ्यावा.

१. चौकोन समोर सपाट ठेवावा. मजबूत दोरा दुहेरी घ्यावा आणि चौकोनाच्या बरोबर मध्यावर, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत आडवा धावदोरा घालावा.

२. तोच दोरा न तोडता उजव्या टोकापासून वरच्या कडेच्या मध्यबिंदूपर्यंत तिरपा न्यावा आणि तेथून खाली डाव्या टोकापर्यंत आणावा. आता वरच्या अर्ध्या भागात धावदोऱ्याचा एक त्रिकोण तयार झाला.

३. त्रिकोणाच्या मध्यभागी, उलट्या बाजूला, लिंबाएवढे भरण ठेवावे आणि दोऱ्याची टोके हलकेच ओढावीत. त्रिकोण गोळा होऊन सशाचे डोके बनते आणि वरचे दोन मोकळे कोपरे आपोआप कान होऊन उभे राहतात. दोऱ्याला घट्ट गाठ मारावी.

४. खालच्या अर्ध्या भागाच्या दोन्ही कडा पाठीमागे जुळवून शिवाव्यात. पोटात भरण घालावे. तळाच्या कडेला धावदोरा घालून ओढून घ्यावा आणि बंद करावे.

५. लोकरीच्या शेपटांचा गोंडा करून शेपूट लावावे. डोळे आणि नाक गडद दोऱ्याने भरावेत.

पाचवीतला विद्यार्थी हा ससा दोन तासिकांत पूर्ण करू शकतो. शिवाय भूमितीचा एक धडा विनासायास शिकून जातो. सपाट चौकोनाला घनरूप देण्यासाठी कोणत्या रेषेवर ओढ द्यावी लागते, हे त्याच्या बोटांना कळलेले असते.

दुसरा पाठ : मोज्याचे माकड

यासाठी जाड मोज्यांची एक जोडी लागते. एक मोजा उलटा करावा. घोट्याच्या वरच्या उघड्या टोकापासून टाचेच्या दिशेने, मधोमध, टाच चार बोटे दूर असतानाच थांबणारी रेषा आखावी. तिच्या दोन्ही बाजूंना उलटटीप घालावी, टोके गोलाकार बंद करावीत आणि मधून कापावे. हे दोन पाय झाले. दोन पायांच्या बेचक्यात थोडी जागा मोकळी सोडावी, तेथूनच भरण आत जाते. मोजा सुलटा करून भरला की टाचेची बैठक होते, मधला भाग धड होतो आणि बोटांकडचा भाग डोके. मानेपाशी धावदोरा ओढला की मान दिसू लागते.

दुसऱ्या मोज्याच्या वरच्या नळकांड्यातून दोन हात आणि एका लांब पट्टीतून शेपूट निघते. तळव्याच्या भागातून कान निघतात. टाच कापून तिच्या कडा आत दुमडाव्यात, चेहऱ्यावर ठेवून शिवावी आणि शिवण पूर्ण होण्यापूर्वी थोडे भरण सरकवावे. झाले तोंड. आपल्याकडच्या मोज्यांना लाल टाच नसते. तेथे बाळंतविड्यातल्या लाल टोपड्याचा तुकडा शोभून दिसतो.

सुरक्षिततेचे नियम

लहान मूल वस्तू प्रथम तोंडात घालते, हे ध्यानात ठेवून खेळणे तपासावे. तीन वर्षांखालील मुलासाठी बटणे, मणी, टिकल्या अजिबात लावू नयेत. डोळे भरतकामाचेच असावेत. त्या मुलासाठी गोंडाही लावू नये, कारण त्यातले धागे ओढून निघतात. प्रत्येक हात, पाय, कान जोराने ओढून पाहावा. दोरा किंचितही सैल झाला तर पुन्हा शिवावे. लांब लोंबणारे दोरे कापून टाकावेत. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या शेजारी कोणतेही मऊ खेळणे ठेवू नये.

निवासी शाळेत याचे महत्त्व

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. निवासी शाळेत जून महिन्यात नवी मुले येतात. त्यांतली काही प्रथमच आईपासून दूर झोपणार असतात. दिवसा ती खेळतात, हसतात. दिवे गेल्यावर उशी ओली होते. ज्यांनी अशा वसतिगृहात बालपण काढले, त्या माजी विद्यार्थ्यांना याहून अधिक सांगायला नको.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये एका निबंधात लहान मुलांच्या एका सवयीचा अभ्यास मांडला. अनेक मुले एखादे पांघरुणाचे टोक, लोकरीचा तुकडा किंवा मऊ बाहुले जिवापाड जवळ बाळगतात आणि झोपताना त्यांना तेच लागते. विनिकॉट यांच्या मते ही वस्तू आई आणि बाहेरचे जग यांच्यामधला पूल असते. तिच्या साहाय्याने मूल आईच्या अनुपस्थितीत स्वतःला सावरायला शिकते. त्या वस्तूचा स्पर्श आणि वासही मुलाला महत्त्वाचा असतो. म्हणूनच ती मळली तरी आईवडील धुवायला कचरतात, हे निरीक्षणही त्यांनी नोंदवले आहे.

विनिकॉट यांचे विवेचन तान्ह्या मुलांपासून सुरू होते हे खरे. पण दहा वर्षांच्या मुलालाही नव्या जागी ओळखीचा स्पर्श हवा असतो. तो दुकानात मिळत नाही. ज्या स्वेटरमध्ये मूल रांगले, ज्या टोपड्याची नाडी आजीने बांधली, त्याच विणीचा ससा ट्रंकेत आला, तर घराचा एक तुकडा सोबत आला असे होते. दहा वर्षांच्या मुलाला बाहुले घेऊन झोपण्याची लाज वाटू शकते. त्याने ते स्वतः शिवलेले असेल तर ती लाज कमी होते, कारण ते त्याचे काम असते आणि आपले काम जवळ ठेवण्यात कमीपणा नसतो.

एक सूचना

या स्मरणिकेच्या निमित्ताने एक सूचना मांडतो. पुढील वर्षी प्रवेशाच्या वेळी प्रत्येक पालकाने मुलाचा अपुरा पडलेला एखादा विणलेला कपडा, धुऊन, सोबत आणावा. ज्यांच्या घरी असा कपडा नसेल, त्यांच्यासाठी शाळेच्या कार्यानुभव कक्षातील नमुन्याचे चौकोन आहेतच. कोणाला रिकाम्या हाताने बसावे लागणार नाही. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी पाचवीतील नव्या मुलांना जोडीने बसवून पहिल्याच आठवड्यात ससा शिवायला शिकवावा. माजी विद्यार्थिनींपैकी ज्यांना विणकाम अवगत आहे, त्यांनी एक रविवार द्यावा.

आणि प्रत्येक खेळण्याच्या तळाशी सुती कापडाची बोटभर पट्टी शिवावी. तिच्यावर तीन गोष्टी न पुसणाऱ्या शाईने लिहाव्यात : मूळ कपडा कोणता आणि तो कोणी विणला, खेळणे कोणी शिवले, आणि साल. रॉकफर्डच्या त्या स्त्रियांची नावे लिहून ठेवणारे कोणी नव्हते. आपल्याकडे ती लिहिणारी मुले आहेत. पन्नास वर्षांनी एखाद्या ट्रंकेच्या तळाशी असा ससा सापडला, तर तो पाहणाऱ्याला कोणाच्याही दप्तराची वाट पाहावी लागू नये. आजीचे नाव, नातवाचे नाव आणि साल त्याला त्या पट्टीवर वाचता यावे.